निकाल कळण्याआधीची अक्षरं

डॉ. टी. सी. आनंद कुमार 1997 साली एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले, तेव्हा भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं अधिकृत श्रेय मुंबईकडे होतं. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात ते बाळ जन्मलं होतं. त्यामागच्या चमूत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक आनंद कुमार होते. कोलकात्यात त्यांच्या हाती डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे जुने हस्तलिखित कागद आले. ते त्यांनी बारकाईने वाचले आणि 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून जाहीर केलं की हा मान आपल्या चमूचा नव्हे, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा विक्रम स्वतःहून दुसऱ्याच्या नावे करणारा शास्त्रज्ञ विरळाच. आनंद कुमारांच्या या कृतीपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या कागदांमध्ये असं काय होतं, हेही पाहायला हवं.

मुखोपाध्यायांनी केलेल्या उपचारांतून 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात एका मुलीचा जन्म झाला. तिला 'दुर्गा' म्हटलं गेलं. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मून तेव्हा जेमतेम 70 दिवस झाले होते. पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिने त्यांचा दावा फेटाळला. जपानहून व्याख्यानाचं निमंत्रण आलं, पण जाण्याची परवानगी मिळाली नाही. 1981 मध्ये त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. त्याच वर्षी 19 जूनला त्यांनी आत्महत्या केली.

समितीसमोर उभा असलेला माणूस खरं बोलतोय की खोटं, हे 1978 मध्ये ठरवणं समितीला अवघड वाटलं असेल, असं फार तर म्हणता येईल. 1997 मध्ये मात्र ते ठरवता आलं, आणि त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. मुखोपाध्यायांच्या नोंदींत पद्धतीचा तपशील होता. संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजं वाढवायची. ती योनिमार्गाने बाहेर काढायची. भ्रूण डायमिथिल सल्फॉक्साइडच्या साहाय्याने गोठवून ठेवायचा. आणि इंजेक्शनांचा परिणाम ओसरल्यावर, पुढच्या एखाद्या पाळीच्या चक्रात तो गर्भाशयात सोडायचा. दुर्गाचा भ्रूण 53 दिवस गोठवलेला होता. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी लुईसच्या वेळी नैसर्गिक चक्रातलं एकच स्त्रीबीज वापरलं होतं. गोठवलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचं वृत्त ऑस्ट्रेलियातून आलं ते 1983 मध्ये. बीजग्रंथींना उत्तेजन देणं आणि भ्रूण गोठवणं या दोन्ही गोष्टी पुढे जगभरच्या केंद्रांचा नित्यक्रम झाल्या.

खोटं रचणाऱ्याला रचण्याच्या दिवशी जेवढं ठाऊक असतं, तेवढ्यातूनच रचावं लागतं. सगळे ज्याला योग्य मानतात, त्याच्याच जवळपास तो राहतो. त्या काळी समितीला विचित्र वाटावी आणि पाच-दहा वर्षांनी सगळ्या जगाने स्वीकारावी, अशी पद्धत निव्वळ थापेतून निपजत नाही. मुखोपाध्याय हयात असताना या कागदांनी त्यांना वाचवलं नाही. नोंदी कितीही चोख असल्या तरी न वाचण्याची सत्ता हाती असलेल्यांपुढे त्या हतबल असतात. पण माणसं गेली, तरी कागद राहिले, आणि वाचण्याची पात्रता असलेला एक वाचक सोळा वर्षांनी त्यांच्यापर्यंत पोचला.

प्रयोगवहीचे नियम या दूरच्या, शंकेखोर वाचकासाठीच आहेत. वही बांधीव हवी, पानांना क्रमांक हवेत, पान फाडायचं नाही. पेन्सिल नको, शाई हवी. चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. रसायनाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक, उपकरण कधी तपासलं होतं, त्या दिवशी खोलीत उकाडा होता का, सगळं त्याच दिवशी, तिथेच उभ्या उभ्या लिहायचं. अमेरिकेत मार्च 2013 पर्यंत पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे, तर आधी शोध लावणाऱ्याला मिळत असे. त्यामुळे सहकाऱ्याने तारीख घालून सही केलेलं वहीचं पान कोर्टात पुरावा म्हणून उभं राही. कायदा बदलला, पण त्या सहीचं महत्त्व माझ्या मते तसूभरही घटलेलं नाही. आता पुष्कळ प्रयोगशाळांत वही संगणकावर आली आहे. तीही चांगलीच, अट एवढीच की जुनी नोंद पुसली न जाता बदलाची वेळ आणि बदलणाऱ्याचं नाव तिच्यात राहिलं पाहिजे.

कधी कधी तर 'काहीच झालं नाही' हीच नोंद सर्वांत मोलाची ठरते. मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला माणूस. त्याच्या प्रयोगांच्या रोजनिशीत क्रमांक घातलेले परिच्छेद सोळा हजारांवर आहेत. 1862 च्या मार्चमध्ये, सत्तरीत, त्याने ज्योतीला चुंबकाच्या प्रभावाखाली ठेवून तिच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का ते पाहिलं. बदल दिसला नाही. तसं त्याने लिहून ठेवलं. मॅक्सवेलने फॅरेडेविषयी लिहिताना या फसलेल्या प्रयत्नाचा उल्लेख केला, तो हॉलंडमधल्या पीटर झीमनच्या वाचनात आला. फॅरेडेसारख्या माणसाला जे करून पाहावंसं वाटलं, ते अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा करण्याजोगं आहे, असं झीमनने ठरवलं. 1896 मध्ये त्याला रेषा रुंदावलेल्या दिसल्या, आणि 1902 चं नोबेल लॉरेंट्‌झसोबत त्याला मिळालं. निष्फळ गेलेला दिवस फॅरेडेने नोंदीविना सोडला असता, तर झीमनला ही वाट त्या रीतीने सापडली नसती.

वही मालकाच्या विरुद्धही साक्ष देते. रॉबर्ट मिलिकनने शिकागोत तेलाचे सूक्ष्म थेंब विद्युतक्षेत्रात तरंगवून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. 1913 च्या शोधनिबंधात त्याने 58 थेंबांचे आकडे दिले आणि हे निवडक थेंब नाहीत, सलग 60 दिवसांत पाहिलेले सगळे थेंब आहेत, असं ठासून सांगितलं. त्याच्या वह्या जपल्या गेल्या. 1970 च्या दशकात इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्या उघडल्या, तेव्हा छापलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक थेंब तिथे निघाले. काही पानांवर खुशीचे शेरे होते, काहींवर नापसंतीचे. पुढे ॲलन फ्रँकलिन यांनी वगळलेले आकडे धरून हिशेब केला. उत्तर जवळजवळ तेच येत होतं, फक्त अनिश्चितता थोडी वाढत होती. म्हणजे मिलिकनला लपवण्याची गरज नव्हती. काही थेंब वगळण्यामागे उपकरण नीट बसलेलं नसणं, हवेचे प्रवाह अशी रास्त कारणंही होती. ती कारणं निबंधात दोन ओळींत सांगितली असती तर आज कुणी बोट दाखवलं नसतं. तरी त्याने पानं फाडली नाहीत, आणि म्हणूनच त्याची बाजू घेणाऱ्यांनाही बोलायला आधार मिळाला.

आता आपल्या कॉलेजांकडे वळतो, कारण माझी खरी तळमळ तिथली आहे. आपल्याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दोन जर्नलं ठेवायला शिकवतात, रफ आणि फेअर. टायट्रेशनला तीन रीडिंग घ्यायची आणि 'सी.बी.आर.', म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, लिहायचं. मग फेअर जर्नलमध्ये 10.2, 10.2, 10.2 असे तीन आकडे सुबकपणे ओळीत येतात. हाताने थेंब थेंब सोडताना तीनदा अगदी तोच आकडा कधीतरी येतोही, पण अख्ख्या बॅचच्या जर्नलांत वर्षानुवर्षं तो तसाच यावा? लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 980 च्या आसपास येणार हे आधीच माहीत असतं, म्हणून उत्तरापासून उलट निघून रीडिंग 'जुळवली' जातात. सीनियरचं जर्नल समोर ठेवून मजकूर उतरवला जातो. वर्षअखेरीस विभागप्रमुखांची सही होऊन ते 'सर्टिफाइड' होतं आणि रफ वही रद्दीत जाते.

या मुलांना अप्रामाणिक म्हणायला मी तयार नाही. व्यवस्थेने ज्याला गुण दिले, तेच त्यांनी केलं. पण तीन वर्षांत हाताला लागलेलं वळण पदवीबरोबर सुटत नाही. गेल्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भारतातल्या अनेक औषध कारखान्यांना इशारापत्रं दिली. त्यांत औषध वाईट असल्यापेक्षा नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आक्षेप ठळक होते: आधी चाचणी घेऊन पाहायची, निकाल हवा तसा आला तरच ती नोंदवायची; तारखा मागून घालायच्या; मूळ कागद कचऱ्यात टाकायचे. त्या प्रयोगशाळांतले तरुण आपल्याच विज्ञान महाविद्यालयांतून येतात. 980 जुळवणाऱ्या हाताचा आणि पास होईपर्यंत चाचणी घेणाऱ्या हाताचा संबंध नाकारणं मला शक्य होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फेअर जर्नल बंद करावं. एकच बांधीव, क्रमांकित वही असावी आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने तीच पाहावी. 10.2, 10.5, 9.9 अशी रीडिंग असतील, शेजारी 'शेवटी रंग पटकन गडद झाला, थेंब जास्त पडला' असं लिहिलं असेल, तर त्या पानाला तीन जुळ्या आकड्यांच्या पानापेक्षा जास्त गुण मिळावेत. उत्तर चुकलं म्हणून गुण जाऊ नयेत. चुकलेल्या उत्तराची कारणं शोधली नाहीत तर जावेत. शिक्षकांनी सही वर्षअखेरीस गठ्ठ्यावर न करता, प्रयोग संपताना टेबलापाशी जाऊन, तारीख घालून करावी. वीस मुलांच्या बॅचला त्यासाठी शेवटची दहा-पंधरा मिनिटं लागतील. ती वेळापत्रकात आजच राखून ठेवता येतात, त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.