चिमूटभर दगडफूल

उन्हाळा लागला की लातूरच्या गंजगोलाईत काळ्या मसाल्याच्या याद्या घेऊन बायामाणसं फिरू लागतात. धणे, मिरच्या, खोबरं किलोच्या हिशेबाने बांधून होतं आणि दुकानदार विचारतो, "दगडफूल किती देऊ?" उत्तर बहुधा एकच असतं, "थोडंसंच."

नुसतं चावून बघा. चिवट लागतं, चव मातकट. पोट भरायचं तर सोडाच, दुसरा घास घ्यावासा वाटणार नाही. पण तापल्या तेलात परतलं की तोच काळपट पापुद्रा घरभर दरवळतो, आणि त्याच्यावाचून काळा मसाला लागतो नुसता तिखट.

दगडफूल म्हणजे शैवाक. बुरशी आणि शैवाल मिळून झालेला एकच देह. 1867 साली सायमन श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितलं, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

अशीच भागीदारी दुसरीकडेही दिसते. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत, स्प्रूसच्या पायाशी, हिडनेलम सुआवेओलेन्स नावाची बुरशी उगवते. वास बडीशेपेसारखा गोड, अंग मात्र कठीण आणि कडू. म्हणून अळिंबीच्या पुस्तकांत तिच्यापुढे 'अखाद्य' असा शेरा असतो. शेरा खरा आहे, पण अपुरा. ती झाडाच्या मुळांना पाणी आणि क्षार पोचवते, बदल्यात साखर घेते. स्प्रूसला तिची गरज आहे, मग माणसाच्या ताटात ती नसली म्हणून काय बिघडलं? आपल्याकडे मसाला करणाऱ्या बायकांनी निदान दगडफुलाला तरी हा शेरा मारला नाही. पोटाला उपयोग नसलेल्या वस्तूलाही त्यांनी यादीत जागा दिली, आणि तीही बेताची.

तो बेत महत्त्वाचा. दगडफूल ज्यावर वाढतं तो देवदार नांदेड-लातूरकडे नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचं रानही सागाचंच. बाजारातलं बरंचसं दगडफूल येतं हिमालयातून, बांज (म्हणजे तिकडचा ओक) आणि देवदारासारख्या झाडांच्या सालीवरून खरवडलेलं. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. आपण एका परतण्यात संपवतो तो तुकडा तयार व्हायला कित्येक पावसाळे गेलेले असतात.

तेव्हा यंदा यादी करताना दगडफुलापुढे पावशेर लिहू नका. घरच्या मसाल्याला छटाकभर पुरतं.