कृपा आणि हुकूम

'कृपा' हा शब्द आपल्या कानाला खुपतो. जोहार मायबाप म्हणत उंबऱ्याबाहेर उभं राहिलं की पाटलाची कृपा व्हायची, शिळा तुकडा पदरात पडायचा. फेड वेठबिगारीनं. हुकूम पाळला तरच कृपा.

बीदर-उदगीर भागात मेथॉडिस्ट मिशन आलं, आपल्या वस्त्यांतली काही घरं ख्रिस्ती झाली. त्यांना 'भाकरीसाठी बाटले' म्हणणं सोपं आहे. पण पौल काय सांगतो ते तरी बघा. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट; माणसानं विश्वासानं ती घ्यायची. ज्याची लायकी जन्मालाच नाकारली, त्याला लायकी न विचारणारा देव भेटला तर तो का हरखणार नाही? आज्ञापालन मागून येतं, फेड म्हणून नाही, प्रेमापोटी. आणि याकोब बजावतो की कृतीवाचून विश्वास मेलेला. पाटलाचा हिशेब इथं उलटा झाला, हे मान्य करायलाच पाहिजे.

मग अडतं कुठं? देणारा वरच राहतो. बाबासाहेबांचा बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्या कुणाची मर्जी राखायला नव्हत्या.

चर्चनंही जात पुरती सोडली नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानं काही ठिकाणी वेगळीच राहिली. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं त्यांना अनुसूचित जातींतून वगळलं. बौद्धांना केंद्रानं १९९० मध्ये आत घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच.

हे सगळं मी शेजारच्या ख्रिस्ती पोराला ऐकवलं. तो म्हणाला, "खरंय भाऊ. पण तुमच्या मोर्चाला आम्हाला कधी हाक मारली का?"

मी गप्प बसलो.