वाटेचे दिवस, नकाशाचे अंश

पृथ्वीचा पहिला ग्रीक नकाशा मायलेटसच्या अनॅक्झिमँडरने काढला, असे परंपरा सांगते. काळ इसवी सनापूर्वीचे सहावे शतक. त्याच नगरातल्या हेकाटेअसने तो सुधारला. मधोमध गोल जमीन आणि तिला वेढणारा समुद्र, अशी त्या काळच्या नकाशांची रीत होती. कंपासने आखल्यासारख्या त्या गोलावर हिरोडोटसने पुढच्या शतकात कडक टीका केली. चित्र सुबक होते, पण ते कोणी मोजलेले नव्हते.

मोजमाप आणले इरॅटोस्थेनिसने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी इजिप्तमधल्या सायनी येथे सूर्य थेट डोक्यावर येतो. त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरतो. दोन नगरांतले अंतर ५,००० स्टेडिया धरले की पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया निघतो. पुढे तो २,५२,००० धरला गेला. गावांच्या जागाही आकाश पाहूनच ठरवाव्यात, असा आग्रह पुढच्या शतकात हिपार्कसने धरला.

अक्षांश सावलीवरून काढता येत होता. रेखांशासाठी मात्र एकच चंद्रग्रहण दोन दूरच्या ठिकाणी वेळेसह नोंदवावे लागे, आणि अशा नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यामुळे बाकीचे जग व्यापारी आणि खलाशी सांगतील तसे मांडावे लागले. ते अंतर सांगत प्रवासाच्या दिवसांत.

दख्खन ग्रीक भूगोलात आले ते याच मापाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक वाटाड्या ग्रंथात बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी नोंद आहे. या प्रदेशाचे नाव तो ‘दखिनाबादेस’ असे देतो. ते आपले दक्षिणापथ. पण दिवस हे माप वाटेचे असते. त्यात घाट, वळणे, मुक्काम आणि नद्यांचे पूर सगळेच येते. दूधगंगा-वेदगंगेला पूर आला की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी-बोरगाव भागात जवळचे गावही लांब होते. वीस दिवसांचे सरळ रेषेत किती अंश होतात, हे मात्र नकाशा काढणाऱ्याला ठरवावेच लागते.

ते काम दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने केले. त्याच्या ‘भूगोला’त सुमारे ८,००० ठिकाणे अक्षांश-रेखांशांसह आहेत. त्याची साधने काय होती, हे सिमुल्लाच्या उदाहरणावरून दिसते. सिमुल्ला म्हणजे कोकणातले चौल. टॉलेमीच्या आधीच्या भूगोलकार मरिनसने हे बंदर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकले होते. तिथे जाऊन आलेल्या लोकांच्या सांगण्यावरून टॉलेमीने ही चूक दाखवली आणि तिथले लोक त्या बंदराला ‘तिमुला’ म्हणतात, हेही नोंदवले. कान्हेरीच्या शिलालेखांतले ‘चेमुल’ या उच्चाराच्या जवळचे आहे.

निपाणी-बोरगावच्या पट्ट्याला जवळचे उदाहरण हिप्पोकुराचे आहे. टॉलेमी पैठणला सिरो पोलेमायोसची राजधानी म्हणतो; हा सातवाहन राजा पुळुमावी. हिप्पोकुरा ही बालेओकुरोसची राजधानी, असेही तो सांगतो. कोल्हापुरात ‘विळिवायकुर’ या नावाची शिशाची नाणी सापडली. नावे जुळतात म्हणून रा. गो. भांडारकरांनी हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असे मानले. काही अभ्यासक ते इतरत्र शोधतात. रोमन जगाशी कोल्हापूरचा संबंध होता, याला वेगळा पुरावा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती मिळाली.

अडचण आकड्यांची आहे. कोल्हापूर पैठणच्या नैर्ऋत्येला, अक्षांशाने पावणेतीन अंश दक्षिणेला आहे. टॉलेमीचे हिप्पोकुरा मात्र पैठणच्या पूर्वेला आणि थोडे उत्तरेला पडते. याचे एक कारण नकाशाच्या आकारातच आहे. टॉलेमीने भारताचा दक्षिणेकडचा निमुळता भाग जवळजवळ पुसून टाकला आणि पश्चिम किनारा बराचसा पूर्वेकडे वळवला. त्या नकाशात दक्षिणेची वाट पूर्वेकडे सरकते, म्हणून पैठणच्या दक्षिणेचे नगर पूर्वेला जाऊ शकते. त्यातच एका अंशाला त्याने ७०० ऐवजी ५०० स्टेडिया धरले, म्हणजे पृथ्वीच लहान केली. आकडे बिनचूक दिसतात म्हणून माहिती बिनचूक ठरत नाही.

तरीही त्याची पद्धत टिकली, कारण तिच्यात चूक दुरुस्त करायला जागा होती. चित्राची नक्कल करताना हात चुकतो आणि ती चूक पुढच्या नकलेत जाते. आकड्यांवरून नकाशा पुन्हा आखता येतो आणि नवी माहिती आली की तेवढाच आकडा बदलता येतो. हे टॉलेमीने स्वतःच सांगितले आहे. म्हणूनच १२९५ च्या सुमारास बायझंटाइन विद्वान मॅक्सिमस प्लानुडेसला ग्रंथ सापडला तेव्हा नकाशे नव्याने काढता आले आणि १४७७ मध्ये बोलोन्यात ते छापले गेले.

दख्खनचे अंश खऱ्या अर्थाने जमिनीवर मोजले गेले ते एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायाभूत रेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची जाळी विणत तो पुढे निघाला. १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. वाटेच्या दिवसांची जागा कोनांनी घेतली, पण गावाच्या नावापुढे दोन आकडे लिहायची टॉलेमीची रीत तशीच राहिली.

नकाशावरच्या सगळ्याच रेषा मात्र अशा मोजणीतून येत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी-बोरगावचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा या गावांचे अक्षांश-रेखांश तसूभरही हलले नाहीत. गावाची जागा मोजून ठरते, सीमा माणसे ठरवतात. कोणती रेषा कशावरून आली, हे नकाशा वाचणाऱ्याने विचारलेच पाहिजे. मरिनसच्या सिमुल्लाबद्दल टॉलेमीने तेच विचारले होते.