गाठ ओढून पाहावी का?

आपल्या भाषेला गाठीचे भारी वेड. माणसे भेटली की गाठ पडते, चार पैसे उरले की ते गाठीशी असतात, मनाशी काही ठरवले की ती खूणगाठ. आणि लग्नाची तर गाठच. दिवाळीच्या गाठीभेटी चालू असताना हा विषय काढायला म्हणूनच संकोच वाटत नाही. मात्र मी सांगणार आहे ती गाठ इंग्लंडातल्या नदीकाठची, ट्राउट मासे पकडणाऱ्यांची आहे. मासळीचे नाव न काढणाऱ्या वाचकांनी फक्त दोऱ्याकडे लक्ष ठेवावे.

हा गळ मोठा नाजूक. आकड्यावर पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी हेच त्याचे आमिष. तिला वजन असे नाहीच. ती उडते दोरीच्या वजनावर. तेव्हा दोरी जाड हवी. पण माशाला संशय येऊ नये म्हणून माशीजवळ ती अगदी बारीकही हवी. मग जाडाला कमी जाड, त्याला बारीक, असे तुकडे जोडत जायचे. आयझॅक वॉल्टनचे या छंदावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले, तेव्हा घोड्याच्या शेपटीचे केस बांधीत. पुढे रेशीमकिड्याची तात आली, मग नायलॉन. आता यंत्रावर केलेला निमुळता दोरा मिळतो. तरी टोकाचा तुकडा हातानेच जोडायचा.

जवळजवळ सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांसाठी 'ब्लड नॉट' नावाची गाठ आहे. एकाने दुसऱ्याभोवती चार-पाच वेढे घ्यायचे, दुसऱ्याने पहिल्याभोवती तितकेच. मग दोन्ही टोकांनी मध्यावर परतून एकाच फटीतून, पण उलट दिशांनी, बाहेर पडायचे. आवळण्यापूर्वी गाठ ओली करायची, कारण कोरडे नायलॉन घासून तापते आणि नेमके तिथेच दुबळे होते. (हे वाक्य मी नवविवाहितांना मुद्दाम ऐकवीत नाही.)

आणि मग ती गाठ दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहायची. इथे मन जरा अडते. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याची परीक्षा घेऊ नये, असे आपण मानतो. आयुष्यभर परीक्षाच घेत आलेल्या माझ्यासारख्या मास्तरालाही मित्राची परीक्षा घेणारा आवडत नाही.

पण न ओढता गाठ पाण्यात गेली आणि ऐन वेळी सुटली, तर बांधणाऱ्याचे काय जाते? एक माशी आणि एक संध्याकाळ. मासा मात्र तोंडात आकडा आणि मागे लोंबता दोरा घेऊन जातो. ढिलाई एकाची, भोग दुसऱ्याचा. शाळेत हे निराळे शिकावे लागत नाही. मोठ्यांनी घाईत बांधलेली गाठ सुटते, आणि एक मूल महिनाभर पाटीकडे न बघता खिडकीबाहेर पाहत बसते.

शिवाय, ओढणाऱ्याचा संशय असतो कोणावर? दोऱ्यावर नव्हे, स्वतःच्या बोटांवर. मित्राची निष्ठा ताणून पाहणे निराळे आणि आपण घातलेला वेढा बसला आहे का हे पाहणे निराळे. आपण पहिले हौसेने करतो, त्याला चोखंदळपणा म्हणतो. दुसरे राहून जाते.

वॉल्टनचा मित्र चार्ल्स कॉटन त्याच्यापेक्षा सदतीस वर्षांनी लहान; एक लंडनचा व्यापारी, दुसरा कर्जात बुडालेला जमीनदार कवी. १६७४ साली कॉटनने डव्ह नदीकाठी एक लहानशी दगडी खोली बांधली आणि तिच्यावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंतवून कोरली. इतका जीव, तरी १६७६ च्या आवृत्तीसाठी माशीच्या गळावरचा भाग लिहिला, तेव्हा तो छापण्यापूर्वी त्याने वॉल्टनकडे वाचायला धाडला.

खरी ओढ लागते ती संध्याकाळी. उजेड कमी होतो, मासे वर येऊ लागतात, आणि दोऱ्यावरून फिरणाऱ्या बोटाला बारीक खडा लागतो. फेकताना आपोआप पडलेली निरगाठ! ती तशीच ठेवली तरी एखादा मासा मिळेलही. जाणता माणूस तेवढा तुकडा कापून खिशात टाकतो, नवा दोरा ओठांत धरतो, आणि मावळत्या उजेडात पुन्हा वेढे मोजू लागतो.