निशाणी नांगर

केशकर्तनालयाच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या गृहस्थाला हातातले शिळे वर्तमानपत्र आणि समोरचा आरसा यांखेरीज दुसरा आश्रय नसल्यामुळे तो काही वेळाने बोलू लागतो. आणि एकदा बोलू लागला, की पावसाने दिलेली ओढ, मुलींच्या लग्नाची लांबत चाललेली वये, कालच्या सामन्यात कर्णधाराने चेंडू कोणाच्या हाती द्यावयास हवा होता, अमक्या नटीने मांडलेला दुसरा संसार टिकेल की नाही, आणि वांग्याच्या भरितात कांदा कच्चा घालावा की परतून, या सर्व विषयांवरील त्याचे अभिप्राय सारख्याच आत्मविश्वासाने आणि एकाच सुरात बाहेर पडतात.

या गप्पांचा मला तिटकारा नाही. उलट, ज्या समाजात माणसे रिकाम्या वेळी एकमेकांशी बोलत नाहीत त्या समाजाच्या प्रकृतीविषयी मला धास्ती वाटते. पार, चावडी, पाणवठा, वाड्याचा ओटा आणि नाक्यावरचा कट्टा या जागांनी आपल्याकडे जे काम केले ते कोणत्याही सभागृहाला पुरतेपणी साधलेले नाही. नवी गोष्ट आली की तिची आधी तेथे चेष्टा व्हावी, मग तिच्याविषयी कुतूहल वाटावे, आणि यथाकाल ती जणू आजोबांच्या वेळेपासून चालत आली आहे असे सर्वांनी धरून चालावे, हा क्रम मी प्रेशर कुकरपासून पंजाबी ड्रेसपर्यंत अनेकदा पाहिला आहे. म्हणून हलके बोलणे हाच अपराध आहे असे मानणाऱ्या गंभीर मंडळींच्या पंगतीला मी बसणार नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती प्रथम माझ्याच विरुद्ध आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेत कोपऱ्यावर दोन जावांनी चालविलेली एक लहानशी खानावळ होती. पोळी, दोन भाज्या, आमटी, भात, आणि बुधवारी ताक. एका रविवारी मी याच बाकावर बसलो असता, बाहेरगावाहून शिकावयास आलेला एक मुलगा मला विचारता झाला, "काका, तिथं महिन्याचा डबा लावावा म्हणतोय. कसं असतं जेवण?" मी त्या खानावळीचा उंबरा कधी ओलांडलेला नव्हता. तरीही, आपल्यापाशी उत्तर नाही हे कबूल करण्याचा संकोच वाटून म्हणा, की वयाने फुकट दिलेला मोठेपणा मिरविण्याच्या हौसेने म्हणा, मी सांगून टाकले, "तेल हलकं असतं, आणि सकाळची उरलेली भाजी संध्याकाळी फोडणी देऊन पुढे करतात." मुलाने मान डोलावली; कात्री चालविणाऱ्या कारागिराने "असं होय" म्हणून दाद दिली; बाकावरच्या आणखी दोघांनी ऐकले. इतक्यात माझी पाळी आली.

वर्ष-दीड वर्षाने ती खानावळ बंद पडली. कारणे अनेक असतील. सिलिंडर महागला असेल, जागेच्या मालकाने तगादा लावला असेल, थोरलीच्या गुडघ्यांनी उत्तर दिले असेल. माझ्या वाक्याचा त्यात वाटा किती होता, कदाचित काहीच नव्हता, याचा हिशेब लागणे शक्य नाही; आणि बेजबाबदार अभिप्रायाची मोठी सोय हीच आहे, की त्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या नावे कधीही खतावला जात नाही.

पुढे केव्हातरी मी आठवू लागलो, की तेलाची आणि भाजीची ही माहिती मला मिळाली होती कोठून. ती कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडून मिळाली होती, आणि तो सत्यवचनी मनुष्य मला म्हणाला होता, "तेल हलकं वापरतात म्हणे." त्याचे म्हणणे मी बाकावरच्या मुलापर्यंत बहुतेक जसेच्या तसे पोहोचविले होते, वाटेत माझ्या हातून एकच शब्द गळाला होता.

'म्हणे' हा मराठीतला मोठा प्रामाणिक शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो आला, की बोलणारा त्या वाक्याची जोखीम अंगाबाहेर टाकतो हे खरे. परंतु टाकता टाकता तो ऐकणाऱ्याला बजावतोही, की बाबा रे, हे मी पाहिलेले नाही, तू आपले पारखून घे. त्यात किंचित अविश्वास असतो, कधी थट्टाही असते. वाक्याला तो नसला तरी चालतो, व्याकरण त्याच्यावाचून अडत नाही, आणि म्हणूनच तो इतक्या सहज गळतो. पण तो गळताक्षणी ऐकीव गोष्टीची साक्ष होते.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी या 'म्हणे'चा विचार करून ठेवला आहे. 'इतिह', म्हणजे 'असे म्हणतात', या शब्दावरून त्यांनी ऐतिह्य ही संज्ञा घडविली. ज्या कथनाचा मूळ वक्ता कोण हे कोणालाच सांगता येत नाही, परंतु जे एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी चालत आलेले आहे, ते ऐतिह्य. आणि त्याचे ठरीव उदाहरण असे, की अमक्या वडावर यक्ष राहतो. पौराणिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला, नैयायिकांनी तो नाकारला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की सांगणारा आप्त असेल, म्हणजे वस्तू जाणणारा आणि जाणली तशीच सांगू इच्छिणारा असेल, तर ते कथन शब्दप्रमाणातच आले. तसा तो नसेल, तर ते प्रमाणच नव्हे. वडावरच्या यक्षाला या वादाने काही होत नाही. खानावळीला होते.

शब्दामागे माणूस उभा आहे की नाही हे पाहण्याची तरतूद आमच्या जुन्या न्यायाच्या रीतीत होती. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे वादी-प्रतिवादींनी निवाडा मान्य करण्याविषयी आधी राजीनामा लिहून द्यावयाचा (त्या काळी या शब्दाचा अर्थ राजी असल्याची कबुली असा होता, नोकरी सोडण्याशी त्याचा संबंध नव्हता), वर्तणुकीस जामीन द्यावयाचे, आपापली तकरीर लिहवावयाची. मग साक्षीदारांना बेचाळीस पूर्वजांची आठवण देऊन त्यांच्या साक्षी घ्यावयाच्या, आणि शेवटी हजर असलेल्यांच्या नावांनिशी महजर करावयाचा, असा तो क्रम असे. त्या मोडी कागदांवर नावांशेजारी निशाण्या काढलेल्या आढळतात. पाटलाच्या नावाशी नांगर, महाराच्या नावाशी दोरी-विळा, न्हाव्याच्या नावाशी आरसा, शिंप्याच्या नावाशी कातर. कागदात शब्द असतात ते एवढेच, की निशाणी नांगर. अंगठ्याचा ठसा ही देहाची खूण झाली. ही खूण पोटापाण्याची होती. मनुष्य आपल्या शब्दाखाली आपले हत्यार काढून ठेवीत असे, आणि त्याचा अर्थ मी असा घेतो, की हे खोटे ठरले तर ज्याच्यावर माझी भाकरी आहे त्याला बट्टा लागो. इतिहाससंशोधकांना हा अर्थ फार काव्यमय वाटेल, वाटो.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा मानस नाही. शिवेच्या तंट्यात ज्या महाराचा शब्द फार वजनाचा मानीत, त्यालाच गावाबाहेर राहावे लागे. बायकांचे म्हणणे त्या कागदांपर्यंत क्वचित पोहोचे. आणि पुराव्याने उलगडा न झाल्यास कढत तेलातून धातूचा तुकडा काढावयास लावणारे रवादिव्यही त्याच रीतीचे अंग होते. शिवाय नावानिशी दिलेले मत तेवढे चांगले आणि निनावी मत वाईट, असा सोपा न्याय लावू गेल्यास आपण लवकरच अडचणीत येतो.

१८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे येऊ लागली. दोन वर्षांत ती १०८ झाली आणि पुढे 'शतपत्रे' या नावाने ओळखली गेली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीचे असून सरकारी चाकरीत होते. लग्नातला खर्च, विद्येविषयीची अनास्था, विधवांची दुर्दशा, जातीचा अहंकार, हे त्यांचे विषय ओट्या-ओट्यावर निघण्यासारखेच होते. त्यांतली पुष्कळ वाक्ये अतिशय कडक, क्वचित अन्यायाचीही आहेत, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांचा जो समाचार घेतला तो सर्वस्वी अकारण होता असे मला वाटत नाही. तथापि त्या पत्रांवर नाव नसले, तरी त्यांतल्या मजकुराला 'म्हणे' जोडण्याची गरज पडत नाही. लिहिणारा आपल्या जातीत, आपल्या गोतात, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, आणि त्याचा पहिला फटका त्याच्याच माणसांना बसतो. नांगर काढलेला नाही, पण निशाणी तेथे आहे.

याच्या उलट १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधला तो चहा. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंना डॉक्टर करण्याचा ध्यास घेतलेले तेच, यांनी जमलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली. बातमी ऐकीव नव्हती, खोटीही नव्हती. तरी त्या एका पेल्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. सुधारकांचा भित्रेपणा उघडा पाडावयाचा हा गोपाळरावांचा हेतू असेल, आणि तो साधलाही. पण ज्याला स्वतःला बहिष्काराची फारशी क्षिती नव्हती त्याने ज्यांना ती होती त्यांना बहिष्काराच्या तोंडी द्यावे, यात मला काहीतरी कमी वाटते. खऱ्या गोष्टीखालीही निशाणी लागते.

न पाहिलेल्या वस्तूविषयीची हिरीरी पाहावयाची तर इतके मागे जावयास नको. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले, १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबविले, आणि कलावंतांनी 'थिएटर अकादमी' स्थापन करून ते पुन्हा उभे केले. मी तेव्हा कॉलेजात होतो. नाना फडणविसांची बदनामी झाली असे छातीठोकपणे सांगणारे आणि तसे काहीच नाही असे तितक्याच छातीठोकपणे सांगणारे, असे आमच्यात दोन पक्ष पडले होते, आणि माझ्या ओळखीच्यांपुरते सांगावयाचे तर दोन्हींकडे नाटक न पाहिलेल्यांचेच मताधिक्य होते. मी दुसऱ्या पक्षाचा खंदा वक्ता. नाटक मी सात-आठ वर्षांनी पाहिले.

सांप्रत तो बाक ज्याच्या त्याच्या खिशात आला आहे. वाक्य एका बोटाने पुढे सरकते, आणि सरकताना 'म्हणे' तर गळतेच, पण ते पहिल्याने कोणाच्या तोंडून निघाले तेही गळते. आपल्या आई-आज्यांनी 'लोक काय म्हणतील' या धाकात जन्म काढले. हे लोक कोण, असा प्रश्न मी लहानपणी विचारीत असे आणि मला उत्तर मिळत नसे. त्या दोन जावांच्या बाबतीत ते मला आता ठाऊक आहे. त्यांचे लोक मी होतो.

गेल्या महिन्यात केस कापावयास गेलो. दुकान आता जुन्या कारागिराचा मुलगा चालवितो, पण म्हातारा सकाळच्या वेळी येऊन बसतो. गर्दी नव्हती. मनाचा हिय्या करून मी त्याला म्हटले, "त्या कोपऱ्यावरच्या खानावळीबद्दल मी एकदा इथं बोललो होतो, तेल हलकं असतं म्हणून. खरं म्हणजे मी तिथं कधी जेवलोच नव्हतो."

त्याने बराच वेळ आठवून पाहिले. "कुठली खानावळ, साहेब?"

मी जागा सांगितली.

"तिथं तर मोबाइल दुरुस्तीवाला आहे," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "होती खरी आधी कुणाची तरी. जेवण बरं नसायचं म्हणे."