ओसाड रानावर पडणारा पाऊस

शास्त्रपाठ : ईयोब ३८ : २५-२७, अनुवाद २२ : ६, ७



वादळांतून ईयोबाशीं बोलतांना परमेश्वर त्यास पुष्कळ प्रश्न विचारतो. त्यांपैकीं एकाचा आशय असा आहे कीं, जेथें मनुष्य राहत नाहीं त्या रानावर पाऊस कोण पाडतो, आणि तेथें गवत कोण उगवितो? आपणांस वाटतें कीं पाऊस आपल्या शेतासाठींच आहे. परंतु ज्या भूमीस नांगर लागला नाहीं, तिलाही देव पाणी पाजतो, आणि तें पाणी वायां गेलें असें तो मानीत नाहीं.

सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळरान अशाच भूमीपैकीं होय. आपण त्यास पडीक म्हणतों. देवानें मात्र तेथें माळढोक पक्ष्यास घर दिलें. कावळा, साळुंकी हे पक्षी गांवांत, शेतांत, कोठेंही पोट भरतात. माळढोकाचें तसें नाहीं. त्याचा नर सुमारें एक मीटर उंच असतो, आणि उडणाऱ्या पक्ष्यांमध्यें अतिशय जड अशांत त्याची गणना होते. पायास मागचें बोट नसल्यामुळें त्याला झाडावर बसतां येत नाहीं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. शत्रु दुरून दिसावा म्हणून त्यास मोकळा माळ लागतो. टोळ, भुंगेरे, बोरें हें त्याचें अन्न. माळ गेला म्हणजे त्यास दुसरें घर नाहीं.

आज त्याची दशा काय आहे? सन १९७२ च्या कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी झाली. सन १९७९ सालीं नान्नज व भोंवतालच्या मुलुखांत त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. तरीही सन २०११ पासून त्याची गणना अत्यंत संकटांत सांपडलेल्या जातींत होत आहे. सन २०१८ च्या सुमारास सर्व भारतांत सुमारें १५० च पक्षी उरले होते, तेही बहुतेक राजस्थानांत. आपल्या माळावर तर त्याचें दर्शनही दुर्मिळ झालें आहे. बंदुकीस बंदी झाली, मग पक्षी कां घटले? कारण त्यांची भूमि आपण घेतली. पाणी आलें तेथें माळ नांगरले गेले. विजेच्या तारा ओढल्या गेल्या. ह्या जड पक्ष्यास समोरचें नीट दिसत नसल्यामुळें तो त्यांवर आपटून मरतो. झाडें लावणें हें सत्कर्म खरें. परंतु गवताळ माळावर दाट झाडें लाविल्यानें त्याचें घर मोडतें. चांगलें कामही अस्थानीं केलें तर त्यानें हानि होते.

राजस्थानांत सन २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविलीं जात आहेत. हें उत्तम आहे. परंतु माळच न राहिला, तर तीं पिलें सोडावयाचीं कोठें?

कोणी म्हणेल, "आम्ही कोरडवाहू शेतकरी, पांखरासाठीं आम्हीं उपाशी राहावें काय?" ही तक्रार खोटी नाहीं. आरंभीं अभयारण्याच्या सीमेंत ८,४९६ चौरस किलोमीटर भूमि घेतली होती. तींत गांवें व शेतें आल्यामुळें लोकांची अडचण झाली, आणि पुढें ती सीमा सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आली. गरिबाची भाकर काढून घ्यावी असें शास्त्र सांगत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा पाहा. वाटेंत घरटें सांपडलें, तर पिलांबरोबर त्यांच्या आईसही धरूं नये. म्हणजे मनुष्यानें आपली गरज भागवावी, पण वंश बुडेल असें कांहीं करूं नये. आणि आश्चर्य हें कीं, आईबापांचा मान राखणाऱ्यास कल्याणाचें व दीर्घायुष्याचें जें वचन दिलें आहे, तेंच ह्या लहानशा आज्ञेसही जोडलें आहे. शिवाय, ज्या गवतांत माळढोक राहतो, त्याच गवतावर धनगराचीं मेंढरें जगतात. माळ गेला तर दोघांचाही घास जातो.

प्रियजनहो, आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवानें गांवकुसाबाहेर ठेविलें व तुच्छ लेखिलें. परंतु प्रभु येशूनें त्यांस नांवानें हांक मारिली. जगानें टाकलेल्यास देव टाकीत नाहीं, हें ज्यांनीं अनुभविलें, त्यांनींच देवाच्या माळास टाकाऊ म्हणावें काय?

म्हणून उपदेशकांनीं हा विषय मंडळीपुढें मांडावा. गायरान नांगरण्याचा किंवा तेथें झाडें लावण्याचा ठराव ग्रामसभेंत आला, तर आपल्या लोकांनीं तेथें जाऊन आधीं विचारावें कीं, ह्या गवतांत कोणाचें घर आहे? अंडीं घालण्याच्या दिवसांत माळावर कुत्रीं मोकळीं सोडूं नयेत. अंडें दिसल्यास त्यास हात न लावतां दूर व्हावें, व वनरक्षकास कळवावें. मेंढरें जागा पालटून आळीपाळीनें चारावीं, म्हणजे गवतास पुन्हा वाढावयास अवकाश मिळेल.

ओसाड रानावर पाऊस पाडणारा देव आपल्या अंतःकरणाची भूमिही भिजवो, आणि जें त्यानें आपल्या हातीं सोंपविलें तें राखण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो. आमेन.