ओझे मोजावे काय?

घरातील माणूस अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी "आता घरीच न्या" असे सांगितले, की मंडळीत त्या आजाऱ्यासाठी प्रार्थना सुरू होतात. पाळकसाहेब येऊन जातात, वडीलजन येतात, प्रभुभोजन घरी दिले जाते. हे सर्व योग्यच आहे. पण या प्रार्थनांत जिचे नाव सहसा येत नाही अशी एक व्यक्ती त्याच खोलीत पाठीमागे उभी असते. ती सून असेल, पत्नी असेल, अविवाहित मुलगी असेल. क्वचित मुलगा किंवा पतीही असतो. मरणपंथाला लागलेल्या आप्ताची घरी शुश्रूषा करणाऱ्या या माणसावर किती ताण पडतो, तो मोजावा काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रश्न काहींना चमत्कारिक वाटेल. ताण ही काय तराजूत घालण्याची वस्तू आहे? परंतु अशी मापे तयार झालेली आहेत. १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी २९ प्रश्नांची एक यादी केली. पुढे ती २२ प्रश्नांची झाली. प्रत्येक उत्तराला शून्यापासून चारपर्यंत गुण. म्हणजे सगळ्यांत जड ओझे ८८. १९८३ साली बेट्सी रॉबिन्सन यांनी याहून लहान, १३ प्रश्नांचे माप काढले. त्याची उत्तरे केवळ 'होय' किंवा 'नाही' अशी द्यावयाची. झोपमोड होते काय, अंगावर कष्ट पडतात काय, घराबाहेर पडणे बंद झाले काय, कामधंद्यात फेरफार करावा लागला काय, पैशाची ओढाताण आहे काय, आपले माणूस पूर्वीचे राहिले नाही याचे दुःख होते काय, असे ते साधे प्रश्न आहेत. सात किंवा अधिक 'होय' आले तर त्या माणसाकडे लक्ष द्यावे, असा संकेत आहे.

यावर पहिला आक्षेप आमच्या मंडळींत कोणता येईल, हे आम्ही जाणून आहो. प्रीती हिशेब ठेवीत नाही. मग आईच्या सेवेला गुण कसले देता? दाविदाने शिरगणती केली आणि तिच्यामुळे लोकांवर काय ओढवले, हेही कोणी सांगेल. आक्षेप हलका नाही. पण पवित्र शास्त्रात दुसरीही एक गणती आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात निवासमंडपाचे सामान वाहणाऱ्या लेव्यांची मोजणी आहे. तीस ते पन्नास वर्षांचे पुरुष मोजले, ते ८,५८० भरले. दाविदाने आपले बळ किती आहे हे पाहण्यासाठी माणसे मोजली. येथे कोणी काय उचलावे हे ठरविण्यासाठी मोजली. सातव्या अध्यायात तर गाड्यांची वाटणी आहे. फळ्या, खांब, उथळ्या असे जड सामान मरारी कुळाकडे होते, त्यांना चार गाड्या मिळाल्या. पडदे व आच्छादने वाहणाऱ्या गेर्षोनी कुळाला दोन. कहाथी कुळाला एकही नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरच न्यावयाच्या होत्या.

शुश्रूषेतही असा एक भाग असतो, जो गाडीवर चढत नाही. मरणाऱ्या आईला लेकीच्याच हातचे पाणी हवे असते. तो भार खांद्यावरच राहणार. पण दर दोन तासांनी कूस बदलणे, ओल्या चादरी धुणे, औषधांच्या दुकानाच्या खेपा, बिलाचे पैसे, रात्रीची जागरणे, हे सारे गाडीवर चढू शकते. आणि कहाथी कुळातही खांदे २,७५० होते, एक नव्हता.

झॅरिट यांच्या त्या पहिल्या अभ्यासात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आता सांगतो. त्यांनी २९ घरे पाहिली. अभ्यास लहानच म्हणावयाचा, आणि आजारी माणसे स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध होती. (पुढे हेच माप कॅन्सरच्या व अखेरच्या दुखण्यांतील घरांसाठीही वापरले गेले.) अपेक्षा अशी, की आजाऱ्याचे वागणे जितके त्रासदायक, तितके ओझे अधिक. तसे दिसले नाही. ओझे कमीजास्त होण्याचा संबंध दिसला तो नातलगांच्या भेटींशी. जेथे इतर नातलग आजाऱ्याला भेटावयास वरचेवर येत, तेथे शुश्रूषा करणारीला ओझे कमी वाटे. केवळ येऊन बसणाऱ्या माणसाने इतका फरक पडतो, हे आमच्या भेटी देणाऱ्या भगिनी मंडळाने ऐकावे.

हा विषय मनाच्या हळवेपणाचा नव्हे, जिवाचा आहे. १९९९ साली रिचर्ड शुल्त्स व स्कॉट बीच यांनी अमेरिकेतील वृद्ध पतिपत्नींचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुश्रूषा करीत असलेल्या आणि तिचा ताण सोसणाऱ्या जोडीदारांत मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे धोका ताणाबरोबर चालतो. आणि कोणाला ताण आहे हे विचारल्यावाचून कळत नाही. चेहऱ्यावरून ओळखू म्हणाल, तर आमच्या बायकांचे चेहरे या कामी फार कसलेले आहेत.

विचारावे कसे, ही मात्र आमच्या घरांतील खरी अडचण आहे. परदेशी कागद मराठीत उतरवून "तुम्हांला सासूबाईंचे ओझे वाटते काय?" असे विचारले, तर बेळगावात काय आणि बडोद्यात काय, उत्तर एकच येईल : "छे हो, देव शक्ती देतो." 'सेवा' म्हटले की ओझे नाही म्हणणे भागच असते. त्यातून प्रश्न सासऱ्यांच्या देखत विचारलेला! शिवाय पडद्यापलीकडे ते आजारी माणूस ऐकत असते. आपण घराला भार झालो, ही मरणाऱ्याच्या मनातील एक मोठी भीती. ती आपल्या प्रश्नाने खरी करून देऊ नये. म्हणून एकान्तात विचारावे, आणि भावना न विचारता गोष्टी विचाराव्या. काल रात्री किती वेळा उठलात? सलग चार तास झोप शेवटची कधी झाली? उपासनेला येऊन किती रविवार झाले? जेवण बसून झाले की उभ्याने? तुमच्या स्वतःच्या गोळ्या संपल्यात काय? अशा उत्तरांत लाज आड येत नाही.

आलेला आकडा प्रीतीचे माप समजू नये. एखादीचे तेराच्या तेरा 'होय' येतील, आणि तरी "दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करा" म्हटले तर ती नाही म्हणेल. दोन्ही खरे असते. आणि विचारून उठून जावयाचे असेल तर विचारूच नये. ते केवळ कुतूहल झाले. केरळात १९९३ साली कालिकत येथे सुरू झालेल्या उपशामक शुश्रूषेच्या कार्यातून गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊ लागले. रोग हटविण्यासाठी ते जात नाहीत; दुखणे हलके करावे आणि घरच्यांना हात द्यावा यासाठी जातात. तितके आपणाला कदाचित साधणार नाही. पण मंडळीतील दोन धडधाकट माणसे आठवड्यातून एक रात्र जागावयास गेली, तर त्या घरात एक माणूस सहा तास झोपते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनीही वर्गातील पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी एवढे पाहावे, की रात्री आजोबांना पाणी देण्यास त्यालाच तर उठावे लागत नाही ना.

एक गोष्ट उरली, तिच्याविषयी बोलावयास लोक कचरतात. २००३ साली शुल्त्स यांनीच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा केलेल्या आप्तांविषयी दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ७२ टक्के लोकांनी सांगितले, की मृत्यूने आपल्यालाही सुटल्यासारखे वाटले. ही काही प्रीती नसलेली माणसे नव्हती. त्यांतील निम्म्याहून अधिकांनी आपण रात्रंदिवस कामावरच होतो असे सांगितले होते. आपल्याकडे अंत्यविधीनंतर जी स्त्री कोरड्या डोळ्यांनी बसते, तिला सुटल्यासारखे वाटत असते आणि ते तिला पाप वाटत असते. सांत्वनाला आलेले लोक "किती सेवा केलीस गं" म्हणून तिची वाहवा करतात, तेव्हा तर ती आणखीच मिटते. पाचसहा दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर, कोणी जाऊन "आता रात्री झोप लागते का, ताई?" एवढे विचारले तर ती हे बोलून जाते. तिचे बोलणे पुरे होईपर्यंत शास्त्र उघडू नये.